वेलांटीचा क्रम

‘कविता’ हा शब्द शिशाच्या खिळ्यांनी जुळवताना पहिली वेलांटी ‘व’च्या आधी लागे, टंकलेखन यंत्रावरही तोच क्रम. ‘इस्की’ या भारतीय संकेतप्रणालीने तो उलटवला: आधी व्यंजन, मग स्वर. तिच्या १९८८ च्या आराखड्यावर देवनागरी बेतणाऱ्या युनिकोडनेही १९९१ मध्ये हीच व्यवस्था स्वीकारली. संहितेचे अस्तित्व आकृतीत की उच्चारात, या जुन्या वादात अभियंत्यांनी, फारसा गाजावाजा न करता, उच्चाराच्या बाजूने कौल दिला. वस्तुतः हा साहित्यशास्त्राचाच प्रश्न होता.

आकृती मात्र हटली नाही. साठवलेला क्रम मोडून वेलांटी पुन्हा डावीकडे नेण्याचे काम पडद्यावर दर वेळी आज्ञावलीला करावे लागते. मायक्रोसॉफ्टसाठी तिला ‘मंगल’ या टंकाचे रूप दिले र. कृ. जोशी यांनी, आणि ते दृश्यकवितेचे कवी असावेत, हा निव्वळ योगायोग म्हणवत नाही.