मॅक्‌कँडलेस, स्टॅन्ली रसेल

(१८९७–१९६७). अमेरिकन रंगमंचीय प्रकाशयोजनाकार आणि नाट्यशिक्षक. त्याचे मूळ शिक्षण वास्तुकलेचे. हार्व्हर्ड विद्यापीठातून वास्तुकलेची पदवी घेतल्यानंतर तो नाट्यक्षेत्राकडे वळला. नाट्यलेखनाचे विख्यात अध्यापक जॉर्ज पिअर्स बेकर हे १९२५ मध्ये हार्व्हर्ड सोडून येल विद्यापीठातील नव्या नाट्यविभागाचे प्रमुख झाले. मॅक्‌कँडलेसही तेथे गेला व १९६४ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच प्रकाशयोजना शिकवीत राहिला.

लंडनचे सॅव्हॉय थिएटर १८८१ मध्ये विजेच्या दिव्यांनी उजळले. पण त्यानंतरही कित्येक वर्षे वीज वायूच्या दिव्यांचेच काम करीत राहिली. फूटलाइटचा उजेड खालून पडे, नटांच्या नाकाच्या व भुवयांच्या सावल्या वर चढत आणि पडद्यांवर सपाट उजेड पसरे. ॲडॉल्फ ॲपियाने प्रकाश हा नाट्यार्थाचाच घटक असल्याचे प्रतिपादन केले होते. डेव्हिड बेलास्कोच्या नाट्यगृहात लुई हार्टमन या तंत्रज्ञाने सूक्ष्म प्रयोगही केले होते. तथापि ॲपियाचे विचार तत्त्वरूपाचे होते आणि हार्टमनचे कसब अनुभवातून आलेले. नवशिक्या विद्यार्थ्याने दिवा नेमका कोठे टांगावा, याचे उत्तर कोठेच मिळत नव्हते.

हे उत्तर मॅक्‌कँडलेसने अ मेथड ऑफ लाइटिंग द स्टेज (१९३२) या छोट्या पुस्तकात दिले. नटांच्या वावराची जागा त्याने लहान लहान क्षेत्रांत विभागली; सामान्य आकाराच्या रंगमंचावर पुढे तीन व मागे तीन अशी सहा. प्रत्येक क्षेत्रावर समोरून दोन स्पॉटलाइट सोडावयाचे. एक डावीकडून, एक उजवीकडून, दोन्ही सु. ४५ अंश वरून व ४५ अंश बाजूने. एकाला उष्ण छटेचे व दुसऱ्याला शीत छटेचे जिलेटिन लावले, की चेहऱ्याच्या दोन बाजू किंचित वेगळ्या दिसतात व त्याला घनता येते, सपाटपणा जातो. प्रत्येक क्षेत्राचे दिवे स्वतंत्र डिमरवर असल्यास नाटकाच्या गतीबरोबर प्रेक्षकांचे लक्षही एका क्षेत्रातून दुसऱ्याकडे नेता येते. क्षेत्रांमधील सांधे बुजविणारा व एकंदर रंगछटा देणारा प्रकाश, पार्श्वभूमीचा प्रकाश आणि विशेष परिणामांचे दिवे यांचा विचार त्यानंतर. वास्तुरेखनात छाया ४५ अंशांनी दाखविण्याची जुनी प्रथा आहे. तिच्याशी या पद्धतीचे नाते सहज जाणवते.

तीव्रता, रंग, विभाजन व गती हे प्रकाशाचे चार गुणधर्म आणि दृश्यता, वास्तवाभास, रचना व भाववातावरण ही त्याची चार कार्ये, अशी त्याची मांडणी होती. तिच्यामुळे दिग्दर्शक, नेपथ्यकार आणि प्रकाशयोजनाकार यांना बोलण्यासाठी समान परिभाषा मिळाली. हा लाभ कोनांच्या नियमापेक्षाही मोठा म्हटला पाहिजे. कारण तोवर दिव्यांची जबाबदारी नेपथ्यकार किंवा वीजतंत्रज्ञ यांच्याकडे असे व प्रकाशयोजनाकार असा वेगळा कलावंत क्वचितच मानला जाई.

या पद्धतीवर आक्षेपही आले. ती चौकटीच्या रंगमंचासाठी व वास्तववादी नाटकासाठी आखलेली आहे. प्रेक्षक चहूबाजूंनी बसत असतील, तर दोन दिवे पुरत नाहीत. नृत्यात देहाची आकृती उठून दिसण्यासाठी बाजूचा प्रकाश अधिक उपयोगी ठरतो. उष्ण-शीत जोडी यांत्रिकपणे वापरल्यास सर्व नाटके एकाच उजेडात दिसतात, हा आक्षेप सर्वांत गंभीर. मात्र त्याचा रोख पुस्तकापेक्षा त्याच्या आळशी वाचकांकडे अधिक आहे. पुस्तकाच्या नावातच ही अनेकांपैकी एक पद्धत असल्याचे सूचित केले आहे.

त्याच्या विद्यार्थ्यांनीच ही चौकट ओलांडली. जीन रोझेन्थॉलने ऑर्सन वेल्सच्या ज्यूलियस सीझरसाठी (१९३७) जवळजवळ उघड्या रंगमंचावर केवळ प्रकाशझोतांनी अवकाश उभा केला व पुढे मार्था ग्रॅहमच्या नृत्यांना बाजूच्या प्रकाशाने आकार दिला. पेगी क्लार्क आणि थॅरन मसर याही येलच्याच. अमेरिकन रंगभूमीवर हा व्यवसाय स्वतंत्रपणे उभा करणाऱ्यांत स्त्रिया अग्रभागी होत्या, ही गोष्ट लक्षणीय आहे. मसरने अ कोरस लाइन (१९७५) या संगीतिकेद्वारे ब्रॉडवेवर संगणकीय प्रकाशनियंत्रण आणले; त्यावेळी मॅक्‌कँडलेसच्या निधनाला आठ वर्षे झाली होती.