राजधानी भोपाळ : पाहण्यासारख्या इमारती आणि त्यांची हकीकत

आपल्या समाजातील बहुतेक कुटुंबांचे भोपाळला जाणे होते ते कामासाठी. कोणाची परीक्षा असते, कोणाच्या बदलीची फाईल अडकलेली असते, कोणाला एम्समध्ये दाखवायचे असते. काम आटोपले की रात्रीची गाडी धरून परत. त्यामुळे राजधानीला चार-पाच फेऱ्या होऊनही शहर पाहायचे राहून जाते. एक दिवस जास्त काढता आला तर काय पाहावे आणि जे पाहतो ते कोणी, का बांधले, याची माहिती सभासदांना एका ठिकाणी मिळावी म्हणून हा लेख.

भोपाळ ही आपली जुनी राजधानी नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत वारासिवनी, बालाघाट, कटंगी या सगळ्या भागाची राजधानी नागपूर होती. आधी मध्य प्रांत, मग मध्य प्रांत व वऱ्हाड, आणि स्वातंत्र्यानंतर मध्यप्रदेश, अशी राज्याची नावे बदलत गेली, पण कोर्टकचेरीसाठी जायचे ते तुमसर-भंडाऱ्यावरून नागपूरलाच. तिथली हायकोर्टाची घुमटाची इमारत आजही पाहण्यासारखी आहे. एच. ए. एन. मेड या वास्तुविशारदाने तिचा आराखडा केला आणि ६ जानेवारी १९४० रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. ती आपल्याही राज्याचे हायकोर्ट म्हणून बांधली गेली, हे आज आपल्या मुलांना सांगावे लागते.

राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. बालाघाट जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. राजधानी भोपाळला गेली, हायकोर्ट जबलपूरला. माहेर गोंदियाला आणि सासर वारासिवनीला अशा घरांतून एकाच दिवशी दोन राज्ये झाली. बोली, सणवार, सोयरीक तीच राहिली. सरकारी अर्ज मात्र वेगळ्या शहराकडे जाऊ लागले.

भोपाळची निवड झाली तेव्हा ते लहान शहर होते. १ जून १९४९ रोजी भारत सरकारने संस्थानाचा कारभार हाती घेतला होता. मोकळी जमीन होती, नबाबी काळातल्या मोठ्या इमारती कचेऱ्यांसाठी तयार होत्या, आणि नव्या राज्याच्या मध्यावर म्हणावे असे ते ठिकाण होते. गंमत अशी की राजधानी झाल्यावरही भोपाळ सीहोर जिल्ह्यातच होते. स्वतंत्र भोपाळ जिल्हा झाला तो २ ऑक्टोबर १९७२ रोजी. म्हणजे जवळजवळ सोळा वर्षे राज्याचे मुख्यमंत्री राहत होते त्या गावाचा कलेक्टर दुसऱ्या गावी बसत होता.

राजधानी एका गावातून उचलून दुसरीकडे नेण्याचे प्रकार जगात इतरत्रही झाले आहेत. मध्य आशियातील कझाकस्तानने १९९७ मध्ये आपली राजधानी अल्माटीहून उत्तरेकडच्या थंड गवताळ मैदानातल्या अकमोला गावी हलवली आणि पुढच्याच वर्षी त्या गावाचे नाव अस्ताना ठेवले. त्यांच्या भाषेत अस्ताना म्हणजे राजधानीच. मध्यंतरी २०१९ ते २०२२ हे नावही बदलून नूर-सुलतान झाले होते. जपानी वास्तुविशारद किशो कुरोकावा यांचा आराखडा, इंग्लंडच्या नॉर्मन फॉस्टर यांचा पिरॅमिड आणि तंबूच्या आकाराचा प्रचंड बाजार, मधोमध बायतेरेक नावाचा मनोरा. त्या मनोऱ्यावरचा पाहण्याचा मजला ९७ मीटर उंचीवर आहे, कारण राजधानी १९९७ साली आली. तिथे सगळे एकदम नवे आणि चकाकणारे. भोपाळचे तसे झाले नाही. इथे नवी राजधानी जुन्या शहराच्या शेजारी, तलाव आणि टेकड्या सांभाळत हळूहळू बसत गेली. पाहणाऱ्याला त्यामुळे थोडे फिरावे लागते, पण प्रस्तुत लेखकाला तरी हेच जास्त आवडते.

जुने शहर

जुन्या भोपाळबद्दल थोडक्यात. मोठा तलाव अकराव्या शतकातील राजा भोजाचा मानला जातो. संस्थान दोस्त मोहम्मद खान या अफगाण सरदाराने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला उभे केले. मराठी माणसाला भोपाळ ठाऊक असते ते बाजीराव पेशव्यांमुळे. डिसेंबर १७३७ मध्ये त्यांनी निजामाला इथेच कोंडले आणि ७ जानेवारी १७३८ रोजी जवळच्या दोराहा येथे तह होऊन माळव्यावर मराठ्यांचा हक्क मान्य झाला.

१८१९ ते १९२६ या १०७ वर्षांत या संस्थानावर एकामागून एक चार बेगमांनी राज्य केले. शहराचे रूप त्यांनी घडवले. तलावाकाठचा गोहर महाल (१८२०) कुदसिया बेगमचा, मोती मशीद सिकंदर बेगमची. शाहजहाँ बेगमने ताज-उल-मसाजिदचे काम काढले, पण १९०१ मध्ये ती वारली आणि पैशाअभावी काम थांबले. १९७१ मध्ये वर्गणी जमवून ते पुन्हा सुरू झाले आणि १९८५ मध्ये पुरे झाले. गुलाबी दर्शनी भिंत, तीन पांढरे घुमट आणि दोन उंच मनोरे असलेली ही मशीद देशातल्या सर्वांत मोठ्या मशिदींपैकी आहे. नमाजाच्या वेळा सोडून अंगणात जाता येते; डोके व अंग झाकलेले असावे.

चौथी बेगम सुलतान जहाँ हिने १९०९ मध्ये व्हाइसरॉय मिंटोच्या हस्ते पायाभरणी करून मिंटो हॉल बांधायला घेतला. राज्य झाल्यावर १९५६ पासून १९९६ पर्यंत विधानसभा याच इमारतीत भरली. आपल्या भागातून निवडून गेलेले पहिल्या चाळीस वर्षांतील सगळे आमदार याच सभागृहात बसले. आता तिथे संमेलन केंद्र आहे आणि त्याला कुशाभाऊ ठाकरे यांचे नाव आहे. धारचे मराठी कुटुंबातले ठाकरे पुढे आपल्या पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष झाले, हे अनेकांना माहीत असेलच.

विधान भवन आणि भारत भवन

भोपाळमध्ये वेळ थोडा असेल तर या दोन इमारती सोडू नयेत. दोन्ही चार्ल्स कोरिया यांच्या. मूळ गोव्याच्या कुटुंबातले, कामकाज मुंबईत. नवी मुंबईच्या आखणीत त्यांचा वाटा मोठा होता. पणजीची कला अकादमी आणि पुण्यात डॉ. जयंत नारळीकरांनी उभारलेल्या आयुका या संस्थेचे आवारही त्यांचेच. २०१५ मध्ये ते वारले.

विधान भवन अरेरा टेकडीवर आहे. बाहेरून पाहता ते एक मोठे वर्तुळ, साधारण १४० मीटर व्यासाचे. वर्तुळाच्या आत नऊ चौकोनांचा नवग्रह मंडलासारखा आराखडा. नऊपैकी पाच भाग उघडे चौक आहेत आणि चार कोपऱ्यांत मुख्य सभागृहे व ग्रंथालय. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत चौकातून उजेड, वारा आणि माणसे येतात-जातात, तसेच इथे आहे. बंद गल्लीसारखे लांब बोळ फारसे नाहीत. एका चौकातून दुसऱ्या चौकात जाताना माथ्यावर आकाश दिसत राहते. विधानसभेवरचा घुमट सांचीच्या स्तूपाची आठवण करून देणारा आहे. काम १९८० च्या सुमारास सुरू झाले आणि ३ ऑगस्ट १९९६ रोजी राष्ट्रपती डॉ. शंकरदयाळ शर्मा यांच्या हस्ते उद्घाटन झाले. शर्माजी भोपाळचेच, जुन्या भोपाळ राज्याचे मुख्यमंत्री राहिलेले. १९९८ मध्ये या इमारतीला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला.

एक बारीक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आराखड्यात विधान परिषदेसाठीही स्वतंत्र सभागृह धरलेले आहे. १९५६ च्या घटनादुरुस्तीत मध्यप्रदेशाला विधान परिषद देण्याची तरतूद झाली होती, पण ती परिषद आजतागायत स्थापनच झाली नाही. ज्यांच्यासाठी जागा बांधली ते सभासद कधी आलेच नाहीत.

आत जायचे तर परवानगी लागते. अधिवेशनाच्या काळात प्रेक्षक दालनाचा पास आमदारांच्या शिफारशीने मिळतो. मुलांना घेऊन जाणार असाल तर जाण्यापूर्वीच आमदारांच्या कार्यालयात विचारून ठेवा. तेही जमले नाही तर बाहेरून एक फेरी जरूर मारा. टेकडीवरून दोन्ही बाजूंचे शहर दिसते. शेजारीच मंत्रालयाचे वल्लभ भवन आणि सातपुडा भवन, विंध्याचल भवन या कचेऱ्या आहेत. आपल्या सातपुड्याचे नाव घेतलेली ही इमारत १२ जून २०२३ च्या आगीत बरीच जळाली. कागद जळाल्याची चर्चा तेव्हा आपल्याकडेही खूप झाली होती.

विधान भवनाच्या आतली चित्रे जनगढसिंह श्याम यांची. हा कलाकार आपल्याला परका नाही. डिंडोरीकडच्या पाटणगढचे हे परधान गोंड. परधान हे गोंडांचे भाट. बाणा वाजवून देवांच्या आणि राजांच्या कथा गाणारे. १९८१ च्या सुमारास भारत भवनासाठी गावोगावची कला शोधत फिरणाऱ्या मंडळींना त्यांच्या घराच्या भिंतीवरची चित्रे दिसली. चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांनी त्या तरुणाला भोपाळला आणले, कागद-रंग दिले. जे देव आजवर फक्त गाण्यात होते ते त्यांनी ठिपक्यांनी आणि रेषांनी काढले. आज 'गोंड चित्रकला' म्हणून बाजारात जे मिळते, ते बहुतेक त्यांच्या हातावरून पुढे गेलेले आहे. २००१ मध्ये जपानमधील एका संग्रहालयात काम करत असताना त्यांनी आयुष्य संपवले. वय चाळिशीच्या आत. राज्याचे कायदे होतात त्या भवनाच्या भिंतींवर त्यांचे काम आहे, आणि त्यांच्या जातभाईंची गावे आपल्या बैहर-परसवाड्याकडेही आहेत.

भारत भवन श्यामला टेकडीवर, मोठ्या तलावाच्या काठी. १३ फेब्रुवारी १९८२ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हस्ते उघडले. पहिल्यांदा जाणारा विचारतो, इमारत कुठे आहे? कारण रस्त्यावरून ती दिसतच नाही. दालने टेकडीच्या उतारात बसवली आहेत. आपण त्यांच्या छतावर, गवताच्या गच्चीवर उभे असतो आणि पायऱ्यांनी तलावाकडे उतरत जातो. उन्हाळ्यातला भोपाळचा ताप लक्षात घेता जमिनीत उतरलेले घर थंड राहते, हा साधा हिशोब त्यामागे आहे. शहरातली नावाजलेली चित्रे आणि गावांतली कला इथे एकाच छताखाली, एकाच मानाने ठेवली आहे.

याच टेकडीवर आदिवासी संग्रहालय आहे, वास्तुविशारद रेवती कामत यांचे, ६ जून २०१३ पासून खुले. गोंड, बैगा, भिल्ल, कोरकू, सहरिया, कोल, भारिया या सात समाजांची घरे, अवजारे, लग्नविधी, देव. मोठा भाग त्या समाजांतील कारागिरांनीच केलेला. बालाघाटच्या मुलांनी बैगांचे दालन पाहावे. जे लोक आपल्याला हाटात भेटतात त्यांचे घर राजधानीत एवढ्या आदराने मांडलेले पाहणे वेगळे असते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयही जवळच आहे. सुमारे दोनशे एकर आवारात हिमालयापासून समुद्रकाठापर्यंतची खरी घरे उभी आहेत. चालणे पुष्कळ होते, आजी-आजोबांना बरोबर नेताना हे लक्षात घ्यावे.

सोमवारी ही तिन्ही ठिकाणे बंद असतात. भारत भवन आणि आदिवासी संग्रहालय दुपारी उघडतात, म्हणून सकाळी मानव संग्रहालय उरकणे सोयीचे.

टी. टी. नगर, शिवाजी नगर

न्यू मार्केटला सगळेच जातात. तो भाग ज्या टी. टी. नगरात आहे त्याचे पूर्ण नाव तात्या टोपे नगर. १८५७ च्या या मराठी सेनानीला १८५९ मध्ये शिवपुरीला फाशी झाली. रिक्षावाल्याला तात्या टोपे नगर म्हटले तर तो क्षणभर थांबतो. शिवाजी नगर, तुलसी नगर या वसाहतीही राजधानीबरोबर आल्या: बाबूंची बैठी घरे, पुढे अंगण, मधून रुंद रस्ते आणि सत्तर वर्षांत वाढलेली झाडे. टी. टी. नगरची जुनी घरे स्मार्ट सिटीच्या कामात मोठ्या प्रमाणात पाडली गेली. जून २०२४ मध्ये शिवाजी नगर-तुलसी नगरात आमदार-मंत्र्यांच्या नव्या घरांसाठी सुमारे २९ हजार झाडे जाण्याचा प्रश्न आला, तेव्हा तिथल्या बायका झाडांना बिलगून उभ्या राहिल्या आणि सरकारने तो बेत मागे घेतला. ज्यांना पहिल्या पिढीची राजधानी कशी होती ते पाहायचे आहे त्यांनी या रस्त्यांवरून सकाळी चालावे. अशी घरे किती वर्षे राहतील याचा भरवसा नाही.

जुन्या शहराच्या उत्तरेला युनियन कार्बाइडचा बंद कारखाना आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री इथून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. सरकारी नोंदीत मृतांचा ३,७८७ हा आकडा आहे. पीडितांच्या संघटना तो कितीतरी जास्त सांगतात. कारखान्यात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा पीथमपूरला हलवायला जानेवारी २०२५ उजाडले. कारखान्याच्या भिंतीसमोर एका आईचा पुतळा आहे, कडेवर मूल आणि पदराला धरलेले दुसरे. रूथ वॉटरमन या शिल्पकर्तीने तो १९८५ मध्ये केला. ही सहलीची जागा नव्हे. पण राजधानीची माहिती देताना ती वगळता येत नाही. मोठ्या मुलांना दाखवावी.

जाणे-येणे

गोंदियाहून छत्तीसगड एक्सप्रेस नागपूर-इटारसीमार्गे भोपाळला जाते. नागपूरला जाऊन गाडी धरली तर पर्याय अधिक. नागपूर-भोपाळ रेल्वेने सुमारे ३९० किलोमीटर. अरेरा टेकडीकडे काम असेल तर मुख्य स्टेशनाच्या आधी राणी कमलापती स्टेशनावर उतरणे सोयीचे. हे पूर्वीचे हबीबगंज. काचेची नवी इमारत १५ नोव्हेंबर २०२१ पासून वापरात आहे.

दोन दिवस असतील तर सांची (सुमारे ४८ किलोमीटर) आणि भीमबेटका (सुमारे ४५ किलोमीटर) वेगवेगळ्या दिशांना आहेत. एका दिवसात दोन्ही उरकण्याचा आग्रह धरू नये. विधान भवनाचा घुमट पाहिल्यावर सांचीचा स्तूप पाहिला तर कोरियांनी काय घेतले ते ध्यानात येते. भीमबेटक्याचे शैलाश्रय जगापुढे आणले ते उज्जैनचे विष्णू श्रीधर वाकणकर यांनी, १९५७ मध्ये. आगगाडीने भोपाळकडे जाताना त्यांना खिडकीतून वेगळ्या आकाराचे खडक दिसले आणि ते पाहायला ते परत आले. इटारसीकडून येणारी आपली गाडी त्याच मार्गाने जाते. ओबेदुल्लागंज जवळ आले की खिडकीशी बसावे.