सासनकाठी
सासनकाठी : जोतिबाच्या चैत्र यात्रेतील मानाची ध्वजकाठी. कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरी डोंगरावर चैत्र पौर्णिमेला गावोगावचे भाविक ती खांद्यावर नाचवत आणतात. उंच कळकाला रंगीत कापड गुंडाळलेले, टोकाला निशाण, तोल सावरायला चहूबाजूंनी ताणलेल्या दोऱ्या; भोवती गुलाल-खोबऱ्याची उधळण आणि ‘चांगभलं’चा गजर. लोकश्रद्धेनुसार जोतिबाने रत्नासुराला मारले, त्या विजयाचा हा ध्वज. जोतिबाच्या काठीचे खरे बळ गावाच्या पिढीजात मानात आहे. मिरवणूक यमाई मंदिराकडे जाते. पहिला मान सातारा जिल्ह्यातील निनाम पाडळीच्या काठीचा.