प्रिव्ही कौन्सिलचे निर्णय आणि भारतीय कायद्याची घडण : ताई महाराज खटल्याच्या संदर्भात

प्रस्तावना

राष्ट्राबाहेरील न्यायपीठाचे निर्णय राष्ट्रांतर्गत कायद्याला कसे वळण देतात, हा प्रश्न युरोपीय संघाच्या विस्तारामुळे विशेष चर्चेत आला. संघात प्रवेश इच्छिणाऱ्या उमेदवार राष्ट्रांना लक्झेंबर्ग येथील न्यायालयाने घडविलेली तत्त्वेही आत्मसात करावी लागतात. भारताला असा अनुभव फार पूर्वी, परंतु संमतीवाचून आला. १८३३ च्या कायद्याने स्थापन झालेली प्रिव्ही कौन्सिलची न्यायिक समिती लंडनमध्ये बसून भारतीय अपिलांचा अंतिम निकाल देत असे. रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या लोकमान्य टिळकांचा ताई महाराज खटला हे त्याचे बोलके उदाहरण आहे.

मयूख आणि मुंबई इलाखा

परकीय न्यायाधीशांपुढील पहिली अडचण हिंदू धर्मशास्त्राच्या आकलनाची होती. १८६८ च्या रामनाड प्रकरणात समितीने दोन गोष्टी नमूद केल्या : स्पष्टपणे सिद्ध झालेली रूढी लिखित वचनापेक्षा बलवत्तर असते, आणि मयूख, कौस्तुभ आदी ग्रंथांच्या आधारे महाराष्ट्रात विधवेला पतीच्या अनुज्ञेवाचून दत्तक घेता येतो. अशा निर्णयांमुळे प्रादेशिक परंपरेला न्यायालयीन मान्यता मिळाली. मात्र लवचीक रूढी न्यायनिर्णयांच्या चौकटीत बंदिस्तही झाली. ग्रंथांच्या विश्वसनीय भाषांतराची गरज यातूनच वाढली. ‘व्यवहारमयूखा’चे इंग्रजी भाषांतर १८८० साली प्रसिद्ध करणारे विश्वनाथ नारायण मंडलिक हे रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूडचे, तर पुढे त्याच ग्रंथाचे संपादन करणारे पां. वा. काणे हेही याच जिल्ह्यातील, ही बाब लक्षणीय आहे.

ताई महाराज खटला

पुण्याचे सरदार बाबा महाराज पंडित १८९७ साली निधन पावले. त्यांच्या मृत्युपत्रानुसार टिळक एक विश्वस्त झाले. जून १९०१ मध्ये औरंगाबाद येथे ताई महाराजांनी जगन्नाथ यास दत्तक घेतले. परंतु पुढे ते नाकारून बाळा महाराज यांना दत्तक घेतले. टिळकांवर खोट्या साक्षीचा फौजदारी खटला झाला, शिक्षाही झाली. १९०४ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. दिवाणी दाव्यात १९०६ साली कनिष्ठ न्यायालयाने जगन्नाथाचे दत्तविधान ग्राह्य धरले. १९१० मध्ये टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना उच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला व टिळक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या सचोटीवर ठपका ठेवला.

मार्च १९१५ मध्ये लॉर्ड शॉ यांनी दिलेल्या निर्णयाने मूळ निकाल पुनःस्थापित झाला. साक्षीदारावर खोटेपणाचा वा कटाचा आरोप ठेवावयाचा असेल, तर उलटतपासणीत तसे विचारून त्याला खुलाशाची संधी दिली पाहिजे, हे तत्त्व त्यात प्रतिपादिले गेले. ज्या सत्तेने राजद्रोहासाठी टिळकांना शिक्षा केली, तिच्याच सर्वोच्च न्यायपीठाने त्यांची प्रतिष्ठा सावरली, हा इतिहासातील विरोधाभासच होय.

सत्तांतरानंतर

१९३५ च्या भारत सरकार कायद्याच्या कलम २१२ ने प्रिव्ही कौन्सिलचे निर्णय ब्रिटिश भारतातील न्यायालयांवर बंधनकारक ठरविले. १९४९ च्या कायद्याने हा अधिकार संपुष्टात आला. तथापि संविधानाच्या अनुच्छेद ३७२ मुळे पूर्वीचा कायदा चालू राहिला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र हा वारसा आंधळेपणाने स्वीकारला नाही. १९५४ च्या कांगो प्रकरणात, दत्तविधानाचा पूर्वलक्षी परिणाम भाऊबंदांच्या संपत्तीलाही लागू करणारे १९४३ चे प्रिव्ही कौन्सिलचे मत नाकारण्यात आले. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने विधवेला स्वतःच्या अधिकारात दत्तक घेण्याची मुभा दिली. महाराष्ट्रातील जुनी प्रथा अशा रीतीने संसदेच्या कायद्याशी सुसंगत ठरली.

निष्कर्ष

उमेदवार राष्ट्र वाटाघाटी करून परके न्यायनिर्णय स्वीकारते. वसाहतीला तो पर्याय नव्हता. तरीही दोन्हीकडे एक बाब समान दिसते : बाह्य निर्णय टिकतो तो केवळ अधिकाराच्या बळावर नव्हे, तर त्यातील तत्त्व स्थानिक न्यायव्यवस्थेला पटल्यामुळे. दत्तकासंबंधीची अनेक मते कालबाह्य झाली. १८७२ च्या पुरावा कायद्याची जागाही २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. परंतु ऐकून घेतल्यावाचून कोणासही खोटारडा ठरवू नये, हे ताई महाराज खटल्यातील तत्त्व न्यायदानाचा भाग बनून राहिले. म्हणूनच स्वातंत्र्यपूर्व न्यायनिर्णयांचा अभ्यास सरसकट गौरव वा सरसकट त्याग न करता, तत्त्वनिहाय करणे आवश्यक ठरते.