पनवेलचा रस्ता आणि पायी चालणारा

उर्दूत ‘पियादा’ म्हणजे पायी चालणारा. हा शब्द फारसीतून आला. मराठीत तो ‘प्यादं’ होऊन बुद्धिबळाच्या पटावर बसला. पटावर बळी द्यायची वेळ आली की आधी प्यादंच पुढे केलं जातं. आपल्या रस्त्यांचा इतिहास पाहिला तर तिथेही असंच काहीसं दिसतं.

पनवेल हे मुळात वाटसरूंचं गाव. रेल्वे येण्याआधी मुंबईहून पुण्याला जाणारे लोक होडीने पनवेल बंदरात उतरत आणि पुढे बोरघाट चढत. कुणी पालखीत, कुणी घोड्यावर, गोरगरीब पायीच. १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर जॉन माल्कम यांनी घाटातला गाडीरस्ता खुला केला. १८५२ साली इथे नगरपालिका आली. वाटसरूंच्या वर्दळीवर इथला बाजार वाढला.

२००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. तो इथे शेजारीच, कळंबोलीहून सुरू होतो आणि त्यावर पायी चालायला बंदी आहे. वेग पाहता ती बंदी योग्यच. अडचण आहे ती जुन्या मुंबई-पुणे रस्त्याची, शीव-पनवेल महामार्गाची आणि पळस्प्याहून कोकणात जाणाऱ्या रस्त्याची. हे रस्ते वस्तीला खेटून जातात. घर एका बाजूला आणि शाळा, दवाखाना किंवा एसटी स्टँड दुसऱ्या बाजूला, अशी कितीतरी माणसं रोज जीव मुठीत धरून ते ओलांडतात.

खरं तर सिग्नलचा जन्म पायी चालणाऱ्यांची सोय पाहूनच झाला. १८६८ साली लंडनमध्ये पार्लमेंटजवळ गॅसवर चालणारा सिग्नल लागला, तो घोडागाड्यांच्या गर्दीतून लोकांना रस्ता ओलांडता यावा म्हणून. काही आठवड्यांतच त्याचा स्फोट झाला. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं झेब्रा क्रॉसिंग ब्रिटनमध्ये १९५१ साली रूढ झालं. आपल्याकडे २०२० मध्ये दादरला पादचारी सिग्नलवर स्त्रीची आकृती आली, तेव्हा तिचं बरंच कौतुक झालं.

पण आकृतीइतकाच सेकंदांचा हिशेब महत्त्वाचा. इंजिनियर सिग्नलची वेळ ठरवताना चालण्याचा वेग साधारणपणे सेकंदाला १.२ मीटर धरतात. त्या हिशेबाने २४ मीटरचा रस्ता २० सेकंदांत पार होतो. गुडघे दुखणारी एखादी नानी सेकंदाला ०.८ मीटर चालली, तर तिला ३० सेकंद लागतात. त्या उरलेल्या १० सेकंदांत ती गाड्यांच्या समोर असते.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, वापरता येण्याजोगा पदपथ मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. आपल्याला तर हदीसमधून लहानपणापासून शिकवलं जातं की रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणं हा ईमानचा एक भाग आहे. मग जुम्म्याला मशिदीबाहेर पदपथावर आडवी लावलेली मोटारसायकल ही त्यातच मोडते. ती आपणच हलवायची आहे, त्यासाठी कोर्टाची गरज नाही.

बाकीचं काम महापालिकेचं. त्यासाठी आपल्या चौकातल्या रस्त्याची रुंदी मोजा, हिरवा सिग्नल किती सेकंद राहतो ते घड्याळ लावून पाहा आणि हे दोन आकडे अर्जात लिहून द्या. नुसत्या तक्रारीपेक्षा आकड्यांना उत्तर देणं भाग पडतं.