सराईत गुन्हेगारांना वाढीव शिक्षा (गोंदिया जिल्हा)

तोच गुन्हा पुन्हा करणाऱ्याला आधीपेक्षा कडक शिक्षा देण्याची, त्याच्याकडून चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र घेण्याची किंवा त्याला जिल्ह्याबाहेर काढण्याची कायदेशीर व्यवस्था. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, आठ तालुक्यांच्या या जिल्ह्यात ती मोहफुलाची हातभट्टी, जुगार, सट्टा आणि चोरी अशा रोजच्या गुन्ह्यांसाठी वापरली जाते.

चोरीबाबतची तरतूद सर्वांत स्पष्ट आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान एक आणि कमाल पाच वर्षे सक्तमजुरी. मात्र पहिलीच चोरी पाच हजार रुपयांहून कमी किमतीची असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर समाजसेवेची शिक्षा होते. पहिल्यांदा चुकलेला आणि सराईत यांच्यातला हा भेद रास्त आहे. शिवाय कलम १३ नुसार, तीन वर्षे वा अधिक कैदेच्या मालमत्तेविषयक गुन्ह्यात एकदा दोषी ठरलेल्याने तशाच स्वरूपाचा गुन्हा पुन्हा केल्यास शिक्षा दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. जुगार अड्डा चालवणाऱ्यांसाठी १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातही दर दोषसिद्धीगणिक किमान शिक्षा वाढत जाते.

या साऱ्यांना दोषसिद्धी लागते. नुसते गुन्हे दाखल असून भागत नाही. पंच फिरले, साक्षीदार गप्प बसले की आरोपी सुटतो आणि पुढच्या खटल्यात तो कायद्याच्या दृष्टीने पहिलाच गुन्हेगार ठरतो. म्हणून पोलिसांचा भर प्रतिबंधक कारवाईवर असतो. सराईताकडून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२९ नुसार तीन वर्षांपर्यंतचे, तर दारूवाल्याकडून दारूबंदी कायद्याच्या कलम ९३ नुसार बंधपत्र घेता येते. हातभट्टीवाल्याला १९८१ च्या एमपीडीए (विघातक कृत्ये प्रतिबंधक) कायद्याखाली वर्षभरापर्यंत स्थानबद्धही करता येते. ते अखेरचे हत्यार आहे आणि तसेच राहावे.

तडीपारीचा आधार महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१. कलम ५७ साठी आधीची दोषसिद्धी लागते. दारूच्या ठराविक कलमांखाली ती दोनदा झालेली असावी लागते. कलम ५६ ला दोषसिद्धी लागत नाही. तिथे साक्षीदार भीतीने पुढे येत नाहीत, याबद्दल अधिकाऱ्याचे समाधान व्हावे लागते. मुदत कमाल दोन वर्षे. नोटीस देऊन म्हणणे ऐकून घ्यावे लागते, आणि आदेशाविरुद्ध तीस दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येते. हद्दपारी हा असाधारण उपाय आहे, ती नागरिकाच्या मुक्त संचाराच्या हक्कावर घाला घालते, म्हणून काटेकोर कारणांशिवाय ती करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ च्या निकालात बजावले.

गोंदियात या उपायाला भूगोलच आडवा येतो. हद्दपारीत शेजारचे भंडारा, गडचिरोली हे जिल्हे जोडता येतात; पण मध्य प्रदेशातला बालाघाट किंवा छत्तीसगडमधला राजनांदगाव महाराष्ट्राच्या आदेशात येत नाही. सीमेवरच्या गावातला तडीपार माणूस सहज पलीकडे बसतो. सालेकसा, देवरीच्या जंगलपट्ट्यात तर सीमा झाडीतूनच जाते.

इतिहासही विसरता कामा नये. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरूनच माणसे सराईत ठरवली. तो १९५२ मध्ये रद्द झाला. त्यानंतर मुंबई राज्याने १९५९ मध्ये सराईत गुन्हेगार कायदा केला. पोलीस ठाण्याच्या नोंदवहीतले नाव म्हणजे दोष नव्हे, हा धडा तिथलाच. मोहफुले वेचून जगणाऱ्या कुटुंबातल्या एखाद्या बाईने कधीतरी दारू गाळणे आणि गावोगाव माल पुरवणाऱ्याचा धंदा यांना एकाच मापाने मोजणे अन्याय आहे. कडक शिक्षा त्या पुरवठादाराला व्हावी, आणि ती व्हायची तर तपास व साक्षी न्यायालयात टिकल्या पाहिजेत.