दुधाचं चीज, कष्टाचं चीज



‘कष्टाचं चीज झालं’ असं आपण म्हणतो, त्या चीजचा आणि दुकानात चौकोनी पाकिटात मिळणाऱ्या चीजचा तसा काही संबंध नाही. पण आज आम्ही ज्या चीजचा इतिहास सांगणार आहोत, त्यात हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. हे चीज फ्रान्सच्या पूर्वेला, स्वित्झर्लंडच्या सीमेला लागून असलेल्या ज्युरा डोंगररांगांमध्ये बनतं. त्याचं नाव कोंते. आज ते जगभर महागड्या दुकानांत विकलं जातं. पण ते जन्माला आलं ते श्रीमंतांच्या वाड्यात नाही. एका घराचं दूध पुरत नव्हतं, म्हणून जन्माला आलं.

आधी त्याचा आकार डोळ्यांसमोर आणा. जात्याच्या तळीसारखं गोल आणि जाड, पण त्याहून मोठं. फ्रेंच भाषेत त्याला जो शब्द आहे, त्याचा अर्थही जात्याचा दगड असाच होतो. वजन सुमारे ४० किलो. आणि असं एक चीज करायला दूध लागतं सुमारे ४०० लिटर.

आता हिशोब करा. जुन्या काळी डोंगरातल्या कुटुंबाकडे दोन-चार गाई. तेव्हाच्या गाई आजच्याएवढं दूधही देत नसत. ४०० लिटर साठवायला किती दिवस लागतील? तोवर दूध नासणारच. मग लहान चीज का करायचं नाही? कारण तिथला हिवाळा लांब आणि बर्फाचा. जनावरं महिनोन्‌महिने गोठ्यात बांधलेली, रस्ते बंद. लहान, मऊ चीज लवकर खराब होतं. मोठं, घट्ट चीज महिनोन्‌महिने टिकतं, बर्फ वितळल्यावर दूरच्या बाजारात नेता येतं. म्हणजे उन्हाळ्यातलं दूध हिवाळ्यासाठी राखून ठेवायचं, तर चीज मोठंच हवं. आणि मोठं हवं, तर शेजारणीचं दूध आपल्या दुधात मिसळायला हवं.

तसं त्यांनी केलं. देझेर्व्हिलेर आणि लव्हिए या गावांच्या १३व्या शतकातल्या कागदपत्रांत अशा एकत्र चीज करण्याचा उल्लेख सापडतो. म्हणजे साडेसातशे वर्षं झाली. या दूध-मंडळीला ते ‘फ्रुइतिएर’ म्हणतात. त्या शब्दाच्या मुळाशी आहे ‘फळ’. दुधाचं फळ, सगळ्यांच्या कष्टाचं फळ.

पुढे कित्येक वर्षं ही मंडळी चालली ती पाळीपाळीने. चीज करणारा कारागीर पगारावर ठेवलेला असे. हे कारागीर बरेचदा शेजारच्या स्वित्झर्लंडमधल्या ग्रुयेर भागातून यायचे. रोज सगळे आपापलं दूध आणत. ज्याचं दूध सगळ्यांत जास्त जमा झालेलं असेल, त्या दिवशीचं चीज त्या घराचं. म्हणजे शेजाऱ्यांनी त्याला उसनं दूध दिलं, ते त्याने पुढे फेडायचं. सख्यांनो, ही भिशीच झाली की! आपण पैशांची लावतो, त्यांनी दुधाची लावली.

पण भिशी म्हटली की हिशोब आला, आणि हिशोब आला की शंका आली. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांनी त्यावर काय उपाय काढला? एक काठी उभी चिरून तिचे दोन भाग करायचे. एक भाग कारागिराकडे, दुसरा दूध आणणाऱ्याकडे. दूध मोजलं की दोन्ही भाग जोडायचे आणि दोन्हींवर मिळून एकच खाच पाडायची. एकट्याने खाच वाढवली, तर दुसऱ्या अर्ध्याशी ती जुळणार नाही. आपल्या बचत गटात सभासदाचं पासबुक वेगळं आणि गटाचं रजिस्टर वेगळं असतं, दोन्हींवर एकच आकडा पडतो, तो याच कारणासाठी. विश्वास असतोच, पण विश्वास टिकवायला खाच लागते.

पोंतार्लिए गावाजवळच्या अशा मंडळ्यांचं वर्णन व्हिक्टर ह्यूगो या मोठ्या लेखकाने १८६२ साली आलेल्या ‘ले मिझराब्ल’ या कादंबरीत केलं आहे, त्या दुहेरी काठीसकट. ह्यूगोचा जन्म याच प्रदेशातला. त्याने दोन प्रकार सांगितले आहेत. एक श्रीमंतांचे, ज्यांच्याकडे ४०-५० गाई. दुसरा गरिबांचा, जे एकत्र येऊन चीज करतात. नंतर १९व्या शतकात गावोगाव कायमच्या इमारती झाल्या, मोठे तांब्याचे हंडे आले. पाळी गेली, सगळं चीज एकत्र विकायचं आणि दुधाच्या प्रमाणात पैसे वाटायचे, अशी पद्धत आली. दुधात पाणी घालणाऱ्याला दंड होता. एकाने पाणी घातलं तर सगळ्यांचं चीज बिघडतं, मग दंड का नसावा?

हे चीज होतं कसं, तेही सांगतो. आपण पनीर करताना दूध उकळून लिंबू पिळतो. तिथे दूध उकळत नाहीत. कच्चं दूध तांब्याच्या हंड्यात कोमट करतात, त्यात विरजण आणि वासराच्या जठरातून मिळणारं रेनेट घालतात. दूध खरवसासारखं घट्ट झालं की त्याचे गव्हाच्या दाण्याएवढे तुकडे करतात, ढवळत-ढवळत पन्नास अंशांच्या वर तापवतात, निवळी काढून साच्यात दाबतात. मग मीठ लावून लाकडी फळ्यांवर ठेवतात. किमान ४ महिने, बरेचदा वर्ष-दोन वर्षं. मधूनमधून उलटायचं, मिठाच्या पाण्याने पुसायचं. डोंगरात १९व्या शतकातला एक जुना लष्करी किल्ला आहे, सेंत आंत्वान नावाचा. १९६६पासून तिथे सैनिकांऐवजी हे चीज मुरत पडलेलं असतं.

१९५८ साली सरकारने या नावाला कायद्याचं संरक्षण दिलं. आपल्याकडच्या भौगोलिक मानांकनासारखंच. त्यासोबत नियम आले. गाई ठरावीक दोनच जातींच्या. दूध जवळच्याच गोठ्यांतलं. आणि गोठ्यात मुरघास चालणार नाही, गवत किंवा वाळला चाराच हवा. आपल्यापैकी अनेकजणी मुरघास करतात, तो जनावराला चांगलाच. पण त्यातले काही जंतू दुधात आले की महिनोन्‌महिने मुरणारं चीज आतून फुगतं, तडकतं. शेवटी प्रत्येक चीज तपासून २० पैकी गुण देतात. १२ पेक्षा कमी पडले, तर त्याला कोंते म्हणून विकता येत नाही. ज्याने केलं त्याचं मन मोडतं, पण नाव राहतं.

आता वाइनकडे वळू. तुम्ही म्हणाल, आडव्या बाटलीसाठी मतदान करणाऱ्या आपण, आणि वाइनची गोष्ट कशाला? बरोबर आहे. हे पिण्याचं आमंत्रण नाही. दारूने घर कसं बसतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. ते त्या प्रदेशानेही पाहिलं आहे. मघाशी ज्या पोंतार्लिएचं नाव घेतलं, तेच गाव आब्सांत नावाच्या जहाल दारूच्या भट्ट्यांसाठी प्रसिद्ध होतं. तिने फ्रान्सभर इतकी धूळधाण केली की १९१५ साली तिच्यावर बंदी आली. पण द्राक्षाची शेती हाही तिथल्या शेतकऱ्याचा घास होता, आणि चीजच्या गोष्टीला तो जोडलेला आहे.

डोंगरावर गाई, खालच्या उतारावर द्राक्षाच्या वेली. तिथली खास वाइन म्हणजे ‘पिवळी वाइन’. साव्हान्याँ नावाच्या पांढऱ्या द्राक्षाची. लाकडी पिंपात ती ६ वर्षं ३ महिने ठेवतात. पिंपातली थोडी-थोडी वाइन हवेत उडून जाते, तरी वरून भर घालत नाहीत. वर यीस्टची साय धरते. त्या सायीखाली वाइन आंबट न होता मुरते आणि तिला अक्रोडासारखा वास येतो. एका लिटरची शेवटी ६२ सेंटिलिटर उरते असं मानतात, म्हणून तिची बाटलीही तेवढीच, ठेंगणी आणि रुंद. या वाइनचं सगळ्यांत नावाजलेलं गाव शातो-शालों. तिथे पूर्वी जोगिणींचा मठ होता. ही द्राक्षं मठातल्या बायकांनीच आणली, असं तिथले लोक सांगतात. ती दंतकथा असेल. पण तिथल्या शेतकऱ्यांचा कडकपणा खरा आहे. १९७४, १९८०, १९८४ आणि २००१ साली पीक मनासारखं आलं नाही, तेव्हा त्यांनी शातो-शालों या नावाने वाइन विकलीच नाही.

चीज आणि ही वाइन जोडीने का देतात? पुरणपोळीवर तूप आणि पिठल्यासोबत कांदा का, तसंच ते. चीज खारट आणि स्निग्ध, जिभेवर थर धरतं. वाइन आंबटसर, ती जीभ मोकळी करते. शिवाय मुरलेल्या कोंतेलाही अक्रोडासारखाच वास असतो, म्हणून दोघांचं सूत जमतं. एकाच मातीत, एकाच माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या शेजारी-शेजारी पिकवलेल्या दोन गोष्टी एका ताटात आल्या, यात नवल ते काय?

आणि गरज पडली तेव्हा चीजने द्राक्षाला हात दिला. १९व्या शतकाच्या शेवटी फिलॉक्सेरा नावाचा किडा आला. तो वेलीची मुळंच खातो. ज्युरात तेव्हा सुमारे २०,००० हेक्टर द्राक्षबागा होत्या, आज त्याच्या दहावा हिस्सा उरल्या आहेत. अमेरिकन खुंटावर कलमं बांधून वेली वाचवल्या, पण शेतकरी कर्जात बुडाला. तेव्हा १९०६ साली आर्ब्वा गावच्या द्राक्षवाल्यांनी सहकारी मंडळी काढली आणि तिला नाव दिलं ‘फ्रुइतिएर’. शब्द चीजवाल्यांचा, रीतही त्यांचीच. ती मंडळी आजही चालू आहे.

याच आर्ब्वा गावात लुई पाश्चर लहानाचा मोठा झाला. १८६०च्या सुमारास फ्रान्सची वाइन बिघडत होती, तेव्हा त्याने शोधून काढलं की बेताने तापवली तर जंतू मरतात. दुधाला ती रीत पुढे लागू झाली. आपल्या दुधाच्या पिशवीवरचा ‘पाश्चराइज्ड’ हा शब्द असा वाइनच्या गावातून आला आहे. गंमत म्हणजे त्याच मुलखातलं कोंते आजही कच्च्या दुधाचं असतं, पण त्यामागे रोजच्या काटेकोर तपासण्या आहेत. आपण घरी दूध उकळूनच वापरायचं.

सख्यांनो, इथवर सगळं छान वाटलं असेल. पण काठीवर खाच कुणाच्या नावाची होती? दूध काढायला, वाहून न्यायला, गोठा झाडायला घरातल्या बाया-मुलीही राबत होत्या. मंडळीत सभासद मात्र घराचा कर्ता पुरुष. १८०४च्या फ्रेंच कायद्याने बायकोने नवऱ्याच्या आज्ञेत राहायचं, असं लिहूनच ठेवलं होतं. नवऱ्याच्या परवानगीशिवाय बँकेत खातं उघडण्याचा आणि नोकरी करण्याचा हक्क फ्रान्समधल्या विवाहित बाईला मिळाला तो १९६५ साली. शेतात दिवसभर राबणारी बाई सरकारी कागदावर ‘कामधंदा नाही’ अशी लागायची. १९८५च्या कायद्याने नवरा-बायकोला शेतीच्या एका प्रकारच्या कंपनीत बरोबरीचे भागीदार होता आलं. आणि फक्त ते दोघेच मिळून सामूहिक शेती-गट स्थापू शकतील, हे मान्य व्हायला २०१० उजाडलं. यातलं काही आपोआप झालं नाही. शेतकरी बायकांनी संघटना करून, वर्षानुवर्षं मागणी करून ते मिळवलं.

साडेसातशे वर्षं जुना सहकार, पण त्यात बाईचं नाव यायला एवढा वेळ लागला. एकत्र येण्याने दुधाचं चीज झालं. बाईच्या कष्टाचं चीज व्हायला मात्र तेवढं पुरलं नाही, त्यासाठी तिचं नाव वहीत यावं लागलं.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत आपण तीन गोष्टी विचारून बघू. पहाटे उठून धार आपण काढतो, तर डेअरीच्या सोसायटीत सभासद कोण आहे? दुधाचं बिल कुणाच्या खात्यावर जमा होतं? आणि फॉर्म भरताना ‘व्यवसाय’ या रकान्यात आपण ‘गृहिणी’ लिहितो की ‘दूध उत्पादक’? जिचं उत्तर अडेल, तिच्यासोबत दोघीजणींनी सोसायटीच्या ऑफिसात जायचं, सभासदत्वाचा अर्ज मागायचा. एकटीचं दूध चीजला पुरत नाही, तसा एकटीचा आवाजही टेबलापर्यंत पुरत नाही. तिघी गेल्या की पुरतो.